रद्दीचा चहा

नोकरीला लागून आठवडाही झाला नव्हता आणि मी एका सद्गृहस्थांचा भाडेकरार बाँडच्या पाठीवर छापून मोकळा झालो. नुसता पाठीवर नाही, वर उलटाही. म्हणजे बाँड सरळ धरला की समोर राजमुद्रा आणि तिच्याखाली सगळं कोरं करकरीत. पालथा केला की घरमालकांचं नाव खाली डोकं वर पाय, आणि स्टॅम्पवाल्याचा जांभळा शिक्का नेमका त्यांच्या आडनावावर. सद्गृहस्थ बाहेरच्या बाकावर पाय हलवत बसलेले. मी कागद धरून प्रिंटरकडे बघत उभा, की हा आता काहीतरी बोलेल, निदान सॉरी म्हणेल.

"काय रे चांदवड, बाळंत झाली का मशीन?" मागून आवाज आला.

हे रावजीकाका. मी चांदवडचा, म्हणून त्यांच्या लेखी माझं नाव चांदवड. मयूर हे माझं खरं नाव त्यांनी एकदाच घेतलं, आणि त्या दिवशी घेतलं नसतं तर बरं झालं असतं. ते पुढे येईलच.

त्यांनी माझ्या हातातला बाँड घेतला, चष्म्यावरून एकदा आणि चष्म्यातून एकदा बघितला, घडी घालून आपल्या खणात टाकला आणि मॅडमच्या खोलीत जाऊन म्हणाले, "मॅडम, मशीननं कागद खाल्ला. दुसरा बाँड आणवतो." ज्योत्स्ना मॅडम वकील आणि नोटरी, ऑफिस त्यांचं. त्यांनी फाइलमधून मानही वर केली नाही. रावजीकाका बाहेर आले, बाकावरच्या गृहस्थांना "पाच मिनिटं साहेब, लाइटचा प्रॉब्लेम" असं सांगितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडमना मशीननं खाल्लं, साहेबांना लाइटनं खाल्लं. आता खरं कुणी खाल्लं ते आपल्या दोघांत. चल, चहा पाज."

कोर्टासमोरच्या गल्लीतलं आमचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या. आतल्या खोलीत मॅडम, बाहेरच्या खोलीत रावजीकाका, मी आणि प्रिंटर. भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं, संमतीपत्रं, भागीदारीपत्रं, जे जे म्हणून माणसं एकमेकांवर विश्वास नसल्यामुळे बाँडवर लिहून घेतात ते सगळं आमच्याकडे छापलं जायचं. आणि ऑफिसात एक जुनी रीत होती. ज्याच्या हातून बाँड वाया जाईल त्यानं स्वतःच्या खिशातून सगळ्यांना चहा पाजायचा. त्याला रद्दीचा चहा म्हणायचे. कोर्टाच्या भिंतीला लागून चिमणाबाईची टपरी आहे. तिथं गेलं की ती आधी विचारायची, "साधा का रद्दीचा?" रद्दीचा असेल तर ती आलं जास्त ठेचायची.

"ते का?" मी त्या पहिल्या दिवशी विचारलं.

"दुःख असतं ना बाबा," चिमणाबाई म्हणाली. "घशाशी आलेलं खाली जातं."

रावजीकाकांनी चहा बशीत ओतला आणि म्हणाले, "मी टाइपरायटरच्या जमान्यापासून आहे. आजवर हिनं मला रद्दीचा चहा विकलेला नाही. विचार तिला."

"खरंय," चिमणाबाई म्हणाली. "दुसऱ्याचाच पेतो मेला."

रावजीकाका मूळचे पेठकडचे. डोंगरउतारावर नागली आणि भात, आणि सुगी संपली की अख्खं घर खाली दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत कामाला. तिथल्या एका बागाईतदारानं पोराचं अक्षर बघून त्याला मजुरांची हजेरी लिहायला बसवलं, आणि काकांच्या मते तिथंच त्यांचं आयुष्य फुकट गेलं. "नायतर आज मी पण उन्हात असतो आणि माझे गुडघे चांगले असते," ते म्हणायचे. मग नाशिकला टायपिंगचा क्लास, मग कोर्टाबाहेर निंबाखाली टेबल आणि टाइपरायटर, मग मॅडमच्या वडिलांनी आत बोलावलं. टाइपरायटर गेला, निंब गेला, मॅडमचे वडील गेले, रावजीकाका राहिले. राहायला मात्र ते नाशिक रोडला. रोज सकाळी बस, रोज संध्याकाळी बस, मधे गाड्यांनी तुंबलेला द्वारकेचा चौक. "माझी अर्धी हयात कोर्टात गेली आणि अर्धी द्वारकेला," हे वाक्य ते दर सोमवारी म्हणायचे.

पेठकडची माणसं कामाला आली की काका वेगळेच व्हायचे. आमच्याशी नाशिकच्या वळणानं बोलणारा माणूस क्षणात आपल्या घरच्या बोलीत शिरायचा. आधी त्यांना शिव्या घालायचा, कागद नीट का नाही आणले म्हणून, आणि मग प्रतिज्ञापत्र फुकट टाइप करून द्यायचा. मॅडमना ते ठाऊक होतं. काकांना वाटायचं, मॅडमना ठाऊक नाही. दोघंही त्यात सुखी होते.

आणि कागद घालण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. बाँड आला की आधी खिशातली पेन्सिल काढायची आणि राजमुद्रेच्या वर, अगदी कडेला, मुंगीएवढं 'श्री' लिहायचं. छापून झालं की खोडरबरानं पुसायचं. "ज्या बाजूला श्री ती बाजू वर. ज्या टोकाला श्री ते टोक आत. देवाचं नाव डोळ्यांसमोर आणि डोकं आधी दारात. एवढं लक्षात ठेवलं की तुझा भाडेकरू पाठीवर पडणार नाही." पण तेवढ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. बाँड घालायच्या आधी एक कोरा कागद, त्यावरही श्री, तो प्रिंटरमधून काढून बघायचा. अक्षरं श्रीच्या बाजूला, श्रीच्या खाली, सरळ आली की मगच बाँड. समोर न्यायाधीश उभे असते तरी त्यांनी कोरा काढल्याशिवाय बाँड घातला नसता. मी हसायचो. "काका, सकाळपासून सतरा बाँड सरळ आले, मशीन काय आता धर्म बदलणार आहे का?"

"मशीनचा नाय, माणसाचा भरवसा नाय," ते म्हणायचे. "मधल्या वेळात कुणी हात लावला असेल तर?"

तेव्हा मला हे वाक्य विनोदी वाटलं होतं.

काकांची एकच दुखरी जागा होती, प्रिंटरवरचा तो बोटभर रुंदीचा पडदा. त्यावर बारीक इंग्रजी अक्षरं यायची आणि काका त्याच्याकडे सासुरवाडीच्या माणसाकडे बघावं तसं बघायचे. मान द्यायचा, पण जवळ जायचं नाही. एका दुपारी मॅडम कोर्टात होत्या. काकांनी डबा बाजूला सारला आणि म्हणाले, "चांदवड, तू माझ्याकडून कागद शिकलास. आता तू मला हा डबडा वाचून दाखव. एकेक सांग, काय काय लिहिलंय आत."

मला काय आनंद झाला! चांदवडच्या शाळेत इंग्रजीच्या तासाला मला बाकावर उभं केलेलं; इथं कुणीतरी मला इंग्रजीचा गुरू करत होतं. मी बाण दाबत दाबत सगळं वाचून दाखवलं. टोनर किती उरला, झोपायची वेळ कोणती, कागद जाड की पातळ. मग एक आलं, लेटरहेड मोड. मी म्हणालो, "हा काका गमतीचा आहे. हा बंद आहे म्हणून आपली श्रीची पद्धत चालते. हा चालू केला की सगळं उलटं. तोंड खाली करायचं आणि शेपूट आधी आत घालायचं."

"आणि चालू असताना कुणी आपल्या पद्धतीनं घातला तर?"

"तर माझा भाडेकरार!" मी म्हणालो. "पाठीवर आणि उलटा." आम्ही दोघं इतके हसलो की काकांना ठसका लागला. मी त्यांची पाठ चोळली. मग त्यांनी मला पुन्हा एकदा दाबून दाखवायला लावलं. खाली किती वेळा, उजवीकडे किती वेळा. ओठांतल्या ओठांत ते पुटपुटत होते, फोन नंबर पाठ करावा तसे. मी म्हणालो, "मोठे विद्यार्थी आहात काका." ते म्हणाले, "गुरू बरा मिळालाय."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मॅडमनी सांगितलं, नाशिक रोडला स्टेशनजवळ दुसरं ऑफिस काढायचं आहे. एक खोली, एक टेबल, एक प्रिंटर, एक माणूस. त्या आठवड्यातून दोनदा सह्यांना जाणार, बाकी सगळं त्या माणसानं एकट्यानं बघायचं. पगार थोडा वाढणार, आणि मुख्य म्हणजे खुर्ची स्वतःची. इथं माझ्याकडे स्टूल होतं. जे स्टूलवर बसले नाहीत त्यांना खुर्ची म्हणजे काय ते कळायचं नाही.

मी आधी काकांकडेच गेलो. "काका, तुम्ही तिकडचेच. तुम्ही जाणार असाल तर मी तोंडही उघडत नाही."

"मी?" काका हसले. "मला काय करायची खुर्ची? मला आता खुर्चीतून उठायलाच दोन माणसं लागतात. तू जा. तरणा आहेस. मी टाकतो शब्द मॅडमकडे."

"नक्की?"

"अरे, तुझ्याशी खोटं बोलेन का मी? तुला कागद कुणी शिकवला?"

मी त्या संध्याकाळी आईला फोन करून सांगितलं, की रावजीकाका आहेत म्हणून मला इथं बापाची उणीव भासत नाही. माझे वडील चांगले धडधाकट आहेत, शेजारीच बसलेले. त्यांनी फोन घेऊन विचारलं, "कोण रे हा रावजी?"

मॅडमनी मला आत बोलावलं. "रावजीकाका तुझं नाव घेतायत. माझी हरकत नाही. पण मयूर, तिकडे तुला विचारायला कुणी नसेल. बाँड लोकांच्या नावावर घेतलेला असतो, वाया गेला की तो माणूस आपल्याकडे परत येत नाही. शनिवारी एक भागीदारीपत्र आहे. काकांनी हात लावायचा नाही. तू एकट्यानं कर, मी समोर बसते. मग बोलू."

शनिवारी आडगावच्या दोन जावा आल्या. थोरली मैनाताई, धाकटी हर्षाली. दोघी मिळून मसाल्याचा धंदा काढत होत्या. बरोबर सासूबाई, साक्षीदार म्हणून. पण चेहरा असा, की त्या विरुद्ध बाजूच्या साक्षीदार असाव्यात. दोघी जावांनी आपापला बाँड आणला होता, कारण मूळ प्रत दोघींनाही हवी होती.

"घरात एक डाव दोघींना पुरत नाही," सासूबाई म्हणाल्या, "आणि म्हणे भागीदारी."

"म्हणून तर लिहून घेतोय ना आई," हर्षाली म्हणाली.

"मुहूर्त टळायच्या आत होईल ना हो?" मैनाताईंनी मॅडमना विचारलं. पेढ्यांचा पुडा त्यांनी मांडीवर घट्ट धरला होता.

मॅडम बाहेरच्या खोलीत येऊन बसल्या. मी मैनाताईंचा बाँड घेतला. पेन्सिलीनं श्री लिहिलं. कोरा कागद घ्यायला हात पुढे केला तेवढ्यात दाराशी उभे असलेले काका हळूच म्हणाले, "कोरा मी सकाळी काढून बघितलाय. सुरळीत आहे. घाल बिनधास्त, मुहूर्त चाललाय त्यांचा."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. घाल.

श्री वर, डोकं आत. मी बटण दाबलं. मशीन गुरगुरली, कागद आत गेला, बाहेर आला. वरची बाजू कोरी. मी पालथा केला. मैनाताईंच्या धंद्याचं नाव, जे त्यांनी सासूबाईंच्या नावावरूनच ठेवलं होतं, डोक्यावर उभं होतं. शिक्क्याच्या मधोमध.

मग काका बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या स्पष्टपणे.

"मयूर, श्री नाही का रे बघितलंस?"

माझं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. ते इतकं परकं वाटलं की मी क्षणभर मागे वळून बघणार होतो, कुणाला म्हणतायत.

"मी म्हणलेच होते," सासूबाई म्हणाल्या. "सुरुवातच उलटी."

"माझाच बरा गेला," मैनाताई म्हणाल्या. "हिचा बरोबर येईल बघा आता."

"ताई, मी काय केलं?" हर्षाली म्हणाली.

मॅडम उठल्या. "रावजीकाका, दुसरा तुम्ही करा."

"सरक," काका मला म्हणाले. त्यांनी हर्षालीचा बाँड घेतला, श्री लिहिलं, आणि सरळ प्रिंटरमध्ये घातला. तोंड खाली, शेपूट आत. छापून आला तो सुंदर. राजमुद्रेच्या खाली, चारी बाजूंनी समास सोडून, एखाद्या लग्नपत्रिकेसारखा. मॅडमनी सुस्कारा सोडला. सासूबाईंनी निकाल दिला, की आत्ता हा बाँड त्यांच्याकडे राहील आणि सोमवारी दुसरा झाला की तोही त्यांच्याकडेच राहील. जावांचं त्या दिवशी पहिल्यांदा एकमत झालं, सासूविरुद्ध. पेढे वाटले गेले. मी पेढा हातात धरून प्रिंटरसमोर उभा होतो.

कारण मी बघितलं होतं. काकांनी कोरा कागद घातला नाही. ज्या माणसानं सगळं आयुष्य कोरा काढल्याशिवाय बाँड घातला नाही, तो परक्याचा बाँड, मुहूर्ताचा बाँड, नुकताच एक वाया गेलेला असताना, कोरा न काढता घालतो. आणि तोही आपल्या पद्धतीच्या नेमका उलटा.

सगळे गेल्यावर मी एक कोरा घेतला, श्री लिहिलं, आपल्या पद्धतीनं घातला. अक्षरं पाठीवर, उलटी. मग बाण दाबत आत गेलो. लेटरहेड मोड: चालू. मी बंद केला. पुन्हा कोरा. अक्षरं श्रीच्या खाली, सरळ. आणखी एकदा चालू, आणखी एकदा बंद. चूक मशीनची नव्हती, कागदाची नव्हती, माझ्या हाताचीही नव्हती. इतकं स्वच्छ उत्तर मला गणितातसुद्धा कधी मिळालं नव्हतं, आणि इतकं नकोसंही.

दोन्ही कागद घेऊन मी मॅडमसमोर गेलो. काका तिथंच उभे होते, पुरावे टाचत.

"मॅडम, मशीनचं सेटिंग कुणीतरी बदललं होतं. हा मोड चालू केला की कागद उलटा घालावा लागतो. म्हणून झालं."

मॅडमनी दोन्ही कागद बघितले. "हा मोड या ऑफिसात कुणाला माहीत आहे?"

मी काकांकडे बघितलं. ते टाचणी शोधत होते. डबीत टाचण्या भरपूर होत्या.

"मला," मी म्हणालो.

"आणि?"

काका बोलतील म्हणून मी थांबलो. एवढंच म्हणायचं होतं त्यांना, की मॅडम, मलाही पोरानं दाखवलंय. खुर्ची गेली असती त्यांची, बाकी काही नाही. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला.

"रावजीकाकांना त्या पडद्यावरचं वाचता येत नाही, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही," मॅडम म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर सोपं गेलं असतं. "मशीनशी खेळत बसतोस, आणि मग विसरतोस. मशीनला दोष देऊ नकोस मयूर. अजून थोडे दिवस जाऊ देत."

मी "त्यांना मीच वाचून दाखवलंय" असं म्हणू शकलो असतो. जिभेवर आलंही होतं. पण मग मॅडमनी काकांना विचारलं असतं, काकांनी नाही म्हटलं असतं, आणि ते नाही मला माझ्या कानांनी ऐकावं लागलं असतं. न बोललेलं खोटं मी कसंबसं गिळलं होतं. बोललेलं गिळायला चिमणाबाईचं सगळं आलं पुरलं नसतं.

रीत म्हणजे रीत. संध्याकाळी आम्ही टपरीवर गेलो.

"साधा का रद्दीचा?" चिमणाबाईनं विचारलं.

"रद्दीचा," मी म्हणालो. "पण कुणाचा ते अजून ठरायचंय."

काकांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. चहा बशीत ओतला, फुंकला.

"काका, कोरा का नाही काढलात?"

"घाईत होतो."

"तुम्ही? घाईत?"

फुंकर थांबली. चिमणाबाई आलं ठेचत होती, तीही थांबली.

"तुला अजून लय खुर्च्या मिळतील," काका बशीकडे बघत म्हणाले.

"मी तुम्हाला विचारलं होतं. आधी तुम्हालाच विचारलं होतं. हो म्हणायचं होतं ना."

"कुणाला हो म्हणू? तुला?" ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "कालचा पोर तू. तू मला सोडणार खुर्ची, आणि मी घेणार? रोज द्वारकेला बस थांबते तेव्हा दांडीला लटकून उभा असतो मी. गुडघा असा करतो. मॅडमना कधी दिसला का? मी सांगितल्याशिवाय दिसायला नको त्यांना? मी काय त्यांच्यापुढे अर्ज करू?"

"म्हणून मला पाडलंत."

त्यांनी बशी तोंडाला लावली. "पहिल्या आठवड्यात मी तुला वाचवलं होतं," ते म्हणाले.

म्हणजे फिटलं, असं त्यांना म्हणायचं होतं. मला त्या दिवशीचं सगळ्यात जास्त हेच लागलं. खुर्चीचं जाऊ दे. पण इतके दिवस ते एक उपकार जपून ठेवत होते, वेळ आली की वटवायला, आणि मी त्याला माया समजत होतो. आईला फोन करून सांगत होतो.

चहाचे पैसे मी दिले. त्यांनी आणखी एक चहा मागितला. त्याचेही मी दिले.

नाशिक रोडला जाल का, असं मॅडमनी काकांना विचारलं तेव्हा त्यांनी दोनदा नाही म्हटलं आणि तिसऱ्यांदा "तुम्ही म्हणताय म्हणून" असं म्हटलं. निघताना आपलं खोडरबर मला दिलं. पेन्सिल नेली. त्यांची खुर्ची मला मिळाली, पण तिच्यावर बसलं की टेबल उंच वाटतं, म्हणून मी अजून स्टूलच वापरतो. खुर्चीवर फाइली ठेवल्यात.

पावसाळा सरता सरता एक दिवस फोन आला.

"चांदवड, जरा येतोस का रे? इथली मशीन पिसाळलीय."

मी नाही म्हणायला पाहिजे होतं. द्वारकेला बस थांबली तेव्हा मी दांडीला लटकून तेच म्हणत होतो.

नाशिक रोडची खोली लहान पण उजेडाची. काका खुर्चीत बसलेले, खाली उशी, पाय एका खोक्यावर. मला बघून उठायला गेले, मीच नको म्हणालो. बाकावर एक म्हातारं जोडपं वाट बघत होतं, संमतीपत्रासाठी.

"दोन पानी मजकूर असला की दुसरं पान पहिल्याच्या पाठीवर छापतेय," काका म्हणाले. "आणि उलटं. कोरा काढला की बरोबर येतो. तो मोडही बघितला मी, बंद आहे."

"तो तर तुम्हाला येतोच बघता," मी म्हणालो.

त्यांनी खालची उशी सारखी केली.

कोरा बरोबर येणारच. कोरा एक पानाचा. दोन्ही बाजूंनी छापायचं कॉम्प्युटरमध्येच चालू होतं, आणि पान पलटायचं ते भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं, खालून वर. मला बघताक्षणी कळलं. श्री लिहिलेले दोन कोरे कागद काढून खात्री केली, दोन टिचक्या मारल्या, झालं. म्हाताऱ्या जोडप्याचा बाँड सरळ आला, दुसरं पान वेगळ्या कागदावर.

"कुठं दाबलंस?" काका खुर्चीतून पुढे वाकून बघत होते. "परत दाखव बरं. कितवं बटण?"

"झालं काका. आता येणार नाही तसं."

"तरी पण. एकदा वाचून दाखव ना."

मी खुर्ची सरकवली, म्हणजे माझ्या बसण्यासाठी ओढलेली प्लॅस्टिकची. "घाईत आहे," मी म्हणालो.

कोरे कागद उचलून ठेवायला त्यांचा खण उघडला, तर वरच एक घडी घातलेला बाँड, माझा जुना नव्हे, इथलाच, ताजा. उलगडायची गरज नव्हती. पाठीवरची उलटी अक्षरं घडीतूनही दिसत होती. काकांनी हात लांब करून खण हलकेच बंद केला. इथं त्यांना बघायला कुणी नव्हतं. मशीननं खाल्ला, लाइटनं खाल्ला, काही सांगायची गरज नाही. आणि पाजायचं म्हटलं तर पाजायला माणूसही नाही.

"चहा घेऊनच जा," ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता. त्यांनी खिडकीतून खाली हाक मारली.

मला वाटलं, आता. इतकंच तर मला पाहिजे होतं, त्यांनी शर्टाच्या खिशात हात घालावा. बोलू नये काही. मी ओळखलं असतं.

चहावाला वर आला, दोन ग्लास ठेवले. "काका, कुणाच्या नावावर?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग खणाकडे. खिशापर्यंत हात गेला, पेन्सिलीला लागला आणि तिथंच राहिला.

"ऑफिसच्या," ते म्हणाले. "मॅडमच्या नावावर लिही."

चहा चांगला होता. आलं नव्हतं.

संध्याकाळी परत आलो तेव्हा चिमणाबाई टपरी आवरत होती.

"गेलतास ना त्याच्याकडे? पाजला का?"

"पाजला."

"रद्दीचा?"

"साधा. ऑफिसच्या नावावर."

तिनं उरलेलं आलं एका फडक्यात बांधलं आणि डब्यात टाकलं.

"मग राहिलाच की अजून," ती म्हणाली.